महाराजपूरच्या गेटापाशी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. मिरजेत आमच्या गल्लीत कुत्रं आडवं आलं तर मी वाट बदलते. गॅस बंद केलाय का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते. जत्रेतल्या पाळण्यात आजवर बसलेली नाही. अशा बाईनं उन्हाळ्याच्या सुट्टीत एकटीनं जबलपूरला जाऊन टाकून दिलेल्या मुलांमध्ये काम करायचं ठरवलं, तेव्हा घरातले हसले. हे म्हणाले, “इटारसीपर्यंत तरी जा. तिथून फोन केलास तर न्यायला येतो.”

याला कारण करुणाताई. मी बालवाडीत शिकवते. काही वर्षांपूर्वी नागपूरला एक प्रशिक्षण होतं, तिथे आम्ही दोघी एका खोलीत होतो. तिचे आजोबा भंडाऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी जबलपूरला गेले आणि घर तिथलंच झालं. ती आता तिथल्या एका शिशुगृहाची अधीक्षिका आहे. आईवडिलांनी सोडलेली, कुठे सापडलेली, सहा वर्षांच्या आतली मुलं तिथे असतात. उन्हाळ्यात मदतीच्या बायका लग्नकार्याला गावी जातात आणि हात कमी पडतात, म्हणून तिनं फोन केला होता. “तुम्हाला लहान लेकरांची सवय आहे. या ना जी महिनाभर.” मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्याबरोबर गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आले.

पुण्याहून निघालेली गाडी इटारसीला पोचली तेव्हा मी खरंच मोबाईल हातात घेतला होता. खिडकीबाहेर पानं गळालेले साग, मोकळी रानं आणि पांढरं ऊन. समोरच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, “अकेली जा रही हो? किसके यहाँ?” मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “दिल पक्का करके जाना. उन बच्चों से लौटना मुश्किल है.” धीर द्यायला बोलल्या असाव्यात, पण माझा उरलासुरला धीरही गेला. फोन मात्र केला नाही, कारण घरी चेष्टा झाली असती.

जबलपूरला उतरले तर हवा भाजत होती. करुणाताई ओढणीनं तोंड बांधून उभी होती, डोळ्यांवरून ओळखली. रिक्षावाल्याला ती ‘बड्डे’ म्हणाली. बड्डे म्हणजे मोठा भाऊ, पण जबलपुरात कुणीही कुणाला म्हणतं. हा बड्डे अशी रिक्षा मारत होता की मी दांडी दोन्ही हातांनी धरून बसले.

“काहून इतक्या घाबरून राहिल्या?” करुणाताई हसून म्हणाली. “अजून तर ट्रॅफिक लागलंच नाही.”

अधारतालच्या पुढे महाराजपूरला त्यांची कॉलनी. दारात तिच्या यजमानांनी “जय भीम” म्हणून माझी पिशवी घेतली. जेवायला पाटवडीचा झणझणीत रस्सा होता. डोळ्यांतून पाणी आलं, त्यामुळे आधीपासून साचलेलं थोडं पाणीही त्यात खपून गेलं. त्यांच्या कॉलेजातल्या लेकीला माझं मराठी सगळं कळत होतं, पण उत्तरं हिंदीत येत. “आंटी, आप टेंशन मत लो. बच्चे काटते नहीं.”

शिशुगृह त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतकं. पिवळी बैठी इमारत, अंगणात कडुलिंब आणि समोर लोखंडी गेट. गेटाच्या पलीकडे रस्ता, आणि त्या रस्त्यावरून वाळूचे डंपर जात. आत शिरताना मी मुलांकडे पाहायच्या आधी तो रस्ता पाहिला.

मुलं धावत आली आणि पायांना बिलगली. अनोळखी बाईला इतक्या सहज बिलगणारी मुलं मी पाहिली नव्हती. आमच्या बालवाडीत नवीन बाई आल्या की मुलं आईच्या पदराआड जातात. इथे आड जायला कुणी नव्हतं. मला गोड वाटायला हवं होतं, पण मला भीतीच वाटली. एवढ्याशा ओळखीवर माझ्या हातात बोट देणाऱ्या पोराला महिन्यानं मी काय सांगणार होते?

करुणाताईनं नियम सांगितले. मुलांशी हिंदीतच बोलायचं, नाहीतर त्यांचा गोंधळ होतो. आणि ‘तुझी मम्मी येईल’ असं कुणालाही, कधीही म्हणायचं नाही. “लेकरू कितीही रडलं तरी नाही म्हणायचं. आपल्याला काय माहीत येईल का नाही?”

पहिला नियम माझ्याच्यानं नीट निभेना. माझं हिंदी ऐकून मुलं खुदखुदायची. मी “खाली बैठो” म्हटलं की ती उठून रिकामी जागा शोधायची, कारण त्यांच्या भाषेत खाली म्हणजे रिकामं. तरी मी नेटानं हिंदी बोलत राहिले. तिथली जुनी आया, जिला सगळे गुड्डी मौसी म्हणतात, मला दिवसभर सुधारायची आणि दिवसभर हसायची.

न हसणारी एकच होती. रेवा. साडेतीन-चार वर्षांची, बारीक, मोठ्या कानांची. हिवाळ्यात जबलपूर स्टेशनवर बाकावर एकटी बसलेली सापडली होती, मांडीवर बिस्किटाचा पुडा. तिनं नाव सांगितलं नाही, म्हणून इथे नर्मदेच्या नावावरून रेवा ठेवलं. आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. ऐकू यायचं, समजायचंही थोडंफार. आणि ती पळायची.

“जे भगोड़ी है दीदी,” मौसी म्हणाली. “गेट तनिक खुला रह गया कि गई. इस पे आँख रखना.”

झालं. मला झोपेतही गेट दिसायला लागलं. दिवसातून कितीदा तरी मी जाऊन कडी हलवून पाहायची. रेवा जेवताना, खेळताना, भिंतीवरच्या सरड्याकडे पाहताना मी तिच्या एका हाताच्या अंतरावर. पण तिचं पळणं मला कळेना. पळपुटी मुलं मी पाहिली आहेत. ती संधी शोधतात, इकडेतिकडे बघतात. ही तासन् तास शहाण्यासारखी बसायची आणि मग कुणी चाबूक मारल्यासारखी एकदम उठून धावायची.

एका दुपारी लाइट गेली होती. पंखे बंद, मुलं घामानं चिकट, गारव्यासाठी फरशीवर पालथी पडलेली. गेटाशी दूधवाला कॅन उतरवत होता. तेवढ्यात पंखे फिरले आणि सगळी मुलं एकसुरात ओरडली, “लाइट आई! आई! आई!” रेवा माझ्या शेजारी होती, आणि नव्हती. दूधवाल्याच्या पायांमधून ती रस्त्यावर पोचली. डंपरचा हॉर्न आणि ब्रेक एकदमच ऐकू आले. मी जागच्या जागी उभी राहिले. पाय उचललेच गेले नाहीत, हे लिहिताना लाज वाटते. मौसी धावली. डंपर अलीकडेच थांबला होता. रेवा रस्त्याच्या मधोमध उभी, दोन्हीकडे पाहत होती. डंपरकडे तिचं लक्षही नव्हतं.

त्या दिवसापासून मौसीनं आपल्या ओढणीचं एक टोक स्वतःच्या कमरेला आणि दुसरं रेवाच्या मनगटाला बांधलं. “बुरा दिखता है,” ती म्हणाली, “पर ज़िंदा तो रहेगी.” मौसी भांडी घासायची, रेवा शेजारी उकिडवी. मला ते पाहवायचं नाही आणि सोड असंही म्हणवायचं नाही.

माझा चेहरा उतरलेला पाहून करुणाताईनं मला रविवारी सराफ्याच्या गल्ल्यांतून फिरवलं. सोनारांच्या पेढ्या, हातोडीची टिकटिक, अरुंद बोळात घुसलेल्या स्कूटर. तिथून जवळच खोव्याची जिलबी खाल्ली. ती आपल्या जिलबीसारखी केशरी नसते, काळपट आणि जाड असते आणि गुलाबजामची चुलत बहीण लागते. दोन खाल्ल्यावर मला जरा बरं वाटलं. भेडाघाटला चला, म्हणून तिनं आग्रह केला. धबधब्याच्या काठावर उभं राहायच्या कल्पनेनंच मी नको म्हटलं. “मग ग्वारीघाट,” ती म्हणाली. “लेकरांनाही नेऊ. तिथे पाणी शांत असते.”

म्हणून आम्ही मुलांना घेऊन संध्याकाळी ग्वारीघाटला गेलो. नर्मदा खरंच शांत होती, रुंद आणि हिरवट. पायऱ्यांवर फुलवाल्या, दिवे, चण्याच्या गाड्या. मुलं हरखून गेली. मौसीच्या हातात दोन तान्ही होती, त्यामुळे रेवा माझ्याकडे. ओढणी नव्हती, चारचौघांत बांधून कसं न्यायचं? मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझीच बोटं दुखत होती.

नावाडी पलीकडच्या गुरुद्वाऱ्यातली माणसं घेऊन येत होता. काठावरचा पोरगा उतारूंना गोळा करायला ओरडायला लागला, “नाव आई, चलो चलो, आई आई आई!”

घामानं निसटलं की तिनं हिसडलं, मला सांगता येणार नाही. हात रिकामा झाला. ती पायऱ्या उतरत होती, भराभर, खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या, आणि त्यांच्यापुढे पाणी. या वेळी मी धावले. पण माझ्या लक्षात आलं की मी पोचत नाही. हिंदी कुठल्या कुठे गेलं. मी सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडले, “अगं थांब! थांब बाळा, पडशील ना!”

ती थांबली.

गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं मागे वळून पाहिलं. मी तिला धरलं, उचललं. तिनं माझी हनुवटी ओल्या हातानं आपल्याकडे वळवली आणि कुणी रोज बोलावं तसं म्हणाली, “आई कुठी हाय?”

मी तिला घेऊन पायरीवर बसले. करुणाताई धापा टाकत आली. रेवा तिच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, “मले पानी पायजे.” करुणाताईच्या हातातून बाटली सुटली. ती माझ्या शेजारी बसली.

“माझी आजी अशीच बोलत होती जी,” ती म्हणाली. “मले, तुले. हे लेकरू आपल्याकडचं आहे. आणि मी इतके महिने तिच्याशी हिंदी बोलून राहिली.”

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. मौसी आई. गाड़ी आई. लाइट आई. नाव आई. दिवसभर ते घर ‘आई’ म्हणत होतं, आणि दर वेळी ही पोरगी उठून गेटाकडे धावत होती. ती पळून जात नव्हती. आई आली, असं सगळे सांगत होते, म्हणून ती बघायला जात होती. रस्त्यावर दोन्हीकडे पाहायची आणि कुणी नाही म्हणून परत यायची.

“तुमच्या कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?” मी विचारलं. रागानं नाही, पण विचारलं.

“आमच्या घरी आई कोण म्हणते?” करुणाताई म्हणाली. “आजीला आम्ही माय म्हणत होतो. माझी लेक मला मम्मी म्हणते. आई म्हटलं की माझ्या कानाला आता ‘आ गई’च ऐकू येते.” तिनं डोळे पुसले. मला तरी दोष द्यायला तोंड कुठे होतं? मी तर मिरजेहून आलेली, जन्मभर आई म्हणत आलेली, आणि माझ्याही कानांनी ते हिंदी म्हणूनच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा नियम झाला. ‘आई’ म्हणायचं नाही, ‘आ गई’ म्हणायचं. मुलांना तो खेळ वाटला. कुणी चुकलं की बाकीचे टाळ्या वाजवायचे. ओढणी सुटली. रेवाचं धावणं थांबलं.

ती माझ्याशी बोलायला लागली. तिचं नाव बेबी होतं. ते ऐकून करुणाताईनं कपाळावर हात मारला. विदर्भात घराघरात एक बेबी. गाव कुठलं? नाल्यापाशी. आईचं नाव? आई. स्टेशनवर काय झालं, हे मी तिला विचारणार नव्हते, पण एकदा केस विंचरताना तीच म्हणाली, “आई म्हने, इथंच बस, येतो.” माझा कंगवा थांबला. पाणी आणायला गेलेली बाई गाडीला चुकली असेल. किंवा मुलीला बाकावर बसवून, हातात बिस्किटं देऊन, वळूनही न पाहता गेली असेल. तिकडे बायकाही ‘येते’ नाही, ‘येतो’ म्हणतात. आणि ‘येतो’ तर दोन्ही वेळी म्हणतात.

करुणाताईनं बालकल्याण समितीला कळवलं. मुलगी दत्तक द्यायला मोकळी करायचा विचार सुरू होता, तो थांबला. तिचा फोटो आता नागपूर, भंडारा, गोंदियाकडे गेला. फोन वाजला की आम्ही दोघी दचकायचो. आई सापडू दे, असं मी मनात म्हणायची आणि लगेच दुसरी भीती उभी राहायची. सापडली आणि नको म्हणाली तर? माझ्या एका ओरडण्यानं या पोरीचं भलं झालं होतं की तिला मिळू शकणारं घर लांबलं होतं, हे मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

माझी सुट्टी संपत आली होती. एका सकाळी मौसीनं मला बाजूला घेतलं. “दीदी, आप शाम को जाते बखत इसको का बोल के जाती हो?”

“काही नाही. ‘येते गं’ म्हणते.”

मौसी म्हणाली, मी गेले की बेबी गेटाशी जाऊन बसते. जेवायला उठत नाही. आणलं तर ताट घेऊन परत तिथेच. झोप लागली की उचलून आत न्यावं लागतं.

आपल्याकडे कुणी ‘जाते’ म्हणत नाही. लहानपणी मी चुकून म्हटलं होतं, तेव्हा आईनं तोंडावर हात ठेवला होता. निघताना ‘येते’ म्हणायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की मी रोज संध्याकाळी त्या गेटातून तेच म्हणत बाहेर पडत होते. आणि रोज सकाळी येत होते. ‘येतो’ म्हणून गेलेलं माणूस परत येतं, हे मी तिला रोज शिकवत होते. मम्मी येईल असं कधी म्हणायचं नाही, हा नियम मी प्राणपणानं पाळला होता, आणि त्याच्याहून वाईट करून बसले होते.

करुणाताईला सांगितलं. ती म्हणाली, “झोपेत असताना निघून जा. इथे सगळे असंच करतात. लेकरू विसरते.” मला ते सोपं होतं. भित्र्या माणसाला अशी वाट कुणी दाखवली की तो आभार मानतो. पण एका माणसानं तिला असंच सोडलं होतं, आणि ती विसरली नव्हती.

निघायच्या दिवशी मी सकाळी गेले. बॅग मुद्दाम बरोबर घेतली, तिला दिसावी म्हणून. ती कडुलिंबाखाली निंबोळ्या गोळा करत होती. मी समोर बसले.

“बेबी, मी जाते.”

शब्द उच्चारताच माझ्या मनात अभद्र ते सगळं येऊन गेलं. तिनं बॅगेकडे पाहिलं. “उद्या?”

“उद्या येणार नाही.”

“परवा?”

“नाही गं. मी माझ्या घरी जाते. लांब आहे. मी येणार नाही.”

तिनं ओंजळीतल्या निंबोळ्या माझ्या अंगावर फेकल्या. मग ती रडली. इतक्या महिन्यांत तिथे कुणी तिचं रडणं ऐकलं नव्हतं. सगळी मुलं खेळ सोडून पाहत राहिली. तिनं मला मारलं, ओचकारलं, आणि मारता मारता गळ्यात हात टाकले. मौसीनं तिला हळूच सोडवून घेतलं. गेटाबाहेर पडताना माझ्या तोंडात सवयीनं ‘येते’ आलं होतं. मी ओठ दाबून धरले आणि रिक्षात बसले. त्या दिवशी बड्डेनं रिक्षा कशी चालवली, हे मला आठवत नाही.

मिरजेला पोचले. यांनी दार उघडलं आणि माझ्या मानेवरचा ओरखडा पाहून हळद घेऊन आले. संध्याकाळी करुणाताईचा फोन आला. नागपूरकडून अजून काही कळलेलं नव्हतं. फोनवर बोलायला ती खोलीबाहेर आली होती, मागे मुलांचा कालवा ऐकू येत होता.

“तुम्ही गेल्या त्या दिवशी दुपारपर्यंत रडली,” ती म्हणाली. “मग वरणभात खाल्ला. रोजच्यापेक्षा जास्तच खाल्ला.”

“आणि संध्याकाळी?” मी घाबरत विचारलं.

“गेटापाशी जाऊन बसली.”

मी डोळे मिटले. म्हणजे सगळं वाया गेलं.

“मी पण जाऊन बसली तिच्याजवळ,” करुणाताई म्हणाली. “विचारलं, दीदीची वाट पाहून राहिली का? तर माझ्याकडे अशी पाहते, जसं मला काही समजतच नाही. म्हणे, दीदी गेली. आई येतो म्हने.”